तोंड मिटलेली गाणारी

प्रिय अक्का,

गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्यांची मी आजवर भरपूर टिंगल केली. आता तू वर बसून खुशाल हस. पण परवा धुळ्याहून परेशभाऊंनी मोबाइलवर एक मुखपृष्ठ पाठवलं. त्यांचं ते गाण्यांचं मासिक तुझ्यावर विशेषांक काढतंय. 'घरच्यांचा होकार तेवढा कळवा,' असं खाली लिहिलेलं. तुला विचारल्याशिवाय होकार कसा देऊ?

आधी चित्र सांगते. मधोमध तुझ्या गाण्यांच्या व्हिडिओतला हीरो. काळा गॉगल, हातात माइक, तोंड एवढं उघडं की पडजीभ दिसावी. मागे केळीची बाग. आणि कोपऱ्यात, बदामाच्या आकारात, तू! डोक्यावर पदर, कातडी उजळून काढलेली, नाकात नथ. ही नथ कुठून आली गं? तुला तर नथ घातली की शिंका यायच्या! नजर खाली, ओठ घट्ट मिटलेले. वर मोठ्या अक्षरांत 'खान्देशची कोकिळा'.

कुहू कुहू करतो तो नर असतो, कोकिळा नाही. म्हणजे शीर्षक चित्राला अगदी धरून आहे.

तुझ्या आवाजावर ती गाणी चालली आणि पडद्यावर ओठ हलवायला कुणी कोवळी पोरगी. "मन्हा गळा, तिन्हं तोंड," असं म्हणून तू हसायचीस. मला हसू येत नसे. जन्मभर तुझा आवाज दुसरीच्या तोंडातून आला. आता तुझं स्वतःचं तोंड छापायची वेळ आली, तर ते बंद?

परेशभाऊंना फोन केला.

"शकूताई, आपला वाचक कोण, ते बघा ना! अंक चाळीसगावच्या स्टँडवर लटकतो. लांबून बघणारा गडीमाणूस. त्याला गोड चेहरा लागतो."

"आणि बायका?"

"बायका चाळतात हो, विकत नाही घेत."

"मग हीरोचं तोंड का उघडं?"

"तो गातोय ना!"

"भाऊ, गाणं अक्काचं आहे."

"तुम्ही ताई, प्रत्येक गोष्टीत बाई-पुरुष आणता."

"मी कुठे आणलं? तुम्हीच तर छापताय."

राग तुझाही येतो, अक्का. हळदीच्या मांडवात नवऱ्याकडच्यांना गाण्यातून सोलून काढणारी तू. पण फोटोवाला "अक्का, तोंड मिटा" म्हणाला की शहाण्या मुलीसारखी मिटायचीस. का गं? दात पुढे होते म्हणून? आपल्या असोद्यात त्या दातांवरून कोण कोण काय बोललं, ते मला ठाऊक आहे. पण तो फोटोवाला तुझा कोण लागत होता?

तुझा तोंड उघडं असलेला एकच फोटो आहे, तोही चुकून आलेला. माझ्या लेकीच्या हळदीत फोटोवाल्याला विहीणबाई टिपायच्या होत्या, मध्ये तू आलीस. एक हात कानावर, डोळे मिटलेले, तोंड हे एवढं! अल्बमवाल्याने 'खराब' म्हणून बाजूला काढला होता. मी ठेवून घेतला.

मुखपृष्ठ आणि हा फोटो, दोन्ही घेऊन मी काल जळगावहून तुझ्या देवपूरला गेले. तुझ्या गाणाऱ्या बायका ओट्यावर निवडणं घेऊन बसल्या होत्या. मथुराबाईपुढे मोबाइल धरला. तीच मथुराबाई, जी इतकी वर्षं तुझ्यामागे बसून तू टाकलेली ओळ झेलायची. तिने चष्मा वर-खाली केला.

"हाई कोन शे?"

अक्का, तिने तुला ओळखलं नाही! मी नाव सांगितलं तेव्हा मोबाइल परत माझ्या हातात दिला. "हाई ते मरेल बाईना फोटो शे. अक्का अशी कव्हय होती?"

मग दुसरा फोटो दाखवला. बठ्ठ्या बाया, सगळ्याच्या सगळ्या, पुढे सरकल्या. आणि भांडण कशावरून जुंपलं सांगू? तू त्या क्षणी कुठल्या अक्षरावर होतीस, यावरून!

"'ओ' वर शे."

"डोळा फुटना का तुन्हा? 'आ' शे, 'आ'!"

आणि मथुराबाईने फोटोतल्या त्या उघड्या तोंडाकडे बघत थेट पुढची ओळ उचलली. तुझी ओळ नुकतीच संपलीय आणि आता आपली पाळी, अशी. बाकीच्यांनी झेलली. मी भाजीची पाटी मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले.

तिथूनच परेशभाऊंना कळवलं, हा फोटो, नाहीतर होकार नाही.

"ताई, मग कव्हरवर हीरो एकटाच जाईल."

"जाऊ द्या. फक्त तो गातोय ते गाणं कुणाचं, तेवढं खाली छापा."

तेव्हा अंकावर तू नाहीस, अक्का. वाईट वाटलं. तुला मुखपृष्ठावर बघायची मलाही हौस होतीच की.

निघताना तुझ्या घरी डोकावले. भिंतीवर हार घातलेला तुझा फोटो, आणि त्यातही तोंड मिटलेलं! परेशभाऊंना मी उगाच एकट्याला झोडपलं. मेहुण्यांना म्हटलं, फोटो बदलायचा. ते म्हणाले, "भिंतीवर असा फोटो? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणू द्या, तिला उत्तर देता येईल असा फोटो लावू." तू गेल्यापासून ते पहिल्यांदाच जरा हसले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी तो 'खराब' फोटो त्या भिंतीवर असेल, दातांसकट. मथुराबाई येणार आहे, बठ्ठ्या येणार आहेत. माझा आवाज फुटका आहे, लहानपणी तूच मला गाण्यातून उठवायचीस. पण त्या दिवशी तुझ्यासमोर बसून पुढची ओळ मीही झेलीन.

तू फक्त तोंड मिटू नकोस.

तुझी,
शकू