फळ्यावर राहून गेलेलं मालवण

भांडुप,
रविवार दुपार

आदरणीय जोसेफीनबाई यांना,
रुचिराचा सप्रेम नमस्कार.

"मुलं फळा बघत नाहीत गं, फळ्यावर चालणारा हात बघतात." मी शाळेत लागले त्या आठवड्यात तुम्ही मला हे सांगितलंत, आणि लगेच पुढे म्हणालात, "म्हणून आधी त्या बांगड्या कमी कर, किणकिणाटाने शेवटचा बाक जागा होतो." बांगड्या मी त्याच दिवशी कमी केल्या. वाक्य कळायला मात्र बरीच वर्षं लागली. ते कसं कळलं, हे सांगायला हे पत्र. (फोनच करणार होते. पण 'शाळा' शब्द कानावर पडला की तुम्ही "होडी सुटतेय" म्हणून फोन ठेवता. मनोरीहून एवढ्या होड्या सुटत नाहीत, बाई, मला ठाऊक आहे.)

तुमचे गुडघे कसे आहेत? लेकीने, बेव्हर्लीने, पाठवलेलं तेल लावता की देव्हाऱ्यासमोर नुसतं ठेवून दिलंय? क्लेमेंटभाऊंच्या वांग्यांना यंदा कीड लागली नाही ना? आम्ही सगळे बरे आहोत. माझा चष्मा वाढलाय आणि अक्षर बिघडलंय, ते तुम्हाला दिसतंच आहे. दोन वर्षांत मी हाताने फक्त सह्या केल्यात.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही मे महिन्यात निवृत्त झालात, तुमचा वर्ग मला मिळाला, आणि जूनमध्ये माझ्या पाचवी 'ब'च्या फळ्यावर तो भलामोठा काळा चकचकीत पडदा बसला. त्याला पॅनल म्हणतात. (शिपाई शकुमावशी टीव्ही म्हणतात, आणि मुख्याध्यापिका जयंतीबाई 'आपलं भविष्य' म्हणतात.) खरं सांगते, मला फार आनंद झाला होता. खडूची धूळ नाही, खोकला नाही. बोट लावलं की हृदय धडधडतं, पृथ्वी फिरते. पहिल्या सहामाहीत मी ज्वालामुखी इतक्या वेळा फोडला की मुलं लाव्हा बघत जांभया द्यायला लागली. हळूहळू लक्षात आलं, की कसलीच वाट बघायला लागत नाही. तुम्ही गोदावरी काढायचात तेव्हा ती नाशिकहून निघायची, पैठणला थबकायची, आणि अख्खा वर्ग मान वळवत तिच्यासोबत जायचा. पॅनलवर ती आधीच समुद्राला मिळालेली असते. मुलं म्हणतात, "बाई, नेक्स्ट."

तर दसरा. आदल्या दिवशी आपल्याकडे पाटीपूजन असतं. एकाच्या आकड्यांची सरस्वती तुम्ही फळ्यावर काढायचात. (कुणीतरी तुम्हाला विचारलं होतं, "तुम्ही ख्रिश्चन ना, मग तुम्ही कशा काढता?" तुम्ही म्हणाला होतात, "खडूने.") आता पाटी नाही, फळा नाही, म्हणून यंदा जयंतीबाईंनी ठरवलं की पॅनलचंच पूजन करायचं. ते बघायला संस्थेचे पाहुणेही येणार होते. मी सरस्वतीचं चित्र शोधून पडद्यावर लावलं. शकुमावशींनी झेंडू आणि आंब्याच्या पानांचा घसघशीत हार वरून खालपर्यंत सोडला. जयंतीबाईंनी हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मुलांनी डोळे मिटून, हात जोडून प्रार्थना सुरू केली. पण तेवढ्यात पडदा आपोआप दुसऱ्या चित्रावर गेला. मुलांनी डोळे उघडले तेव्हा आम्ही सगळे एका परदेशी धबधब्याला नमस्कार करत होतो.

इथवर ठीक होतं. पाहुणे म्हणाले, "आता एखादा पाठ घ्या की." मी महाराष्ट्राचा नकाशा उघडला आणि पॅनल बिथरलं. कोकण आपोआप मोठं व्हायला लागलं. विदर्भ पडद्याबाहेर गेला. लाल रेघा स्वतःच उमटू लागल्या, मराठवाड्यावरून सरळ खाली. मग आवाज पूर्ण मोठा झाला आणि इंग्रजी बाराखडीचं गाणं सुरू झालं. पाहुणे कौतुकाने टाळ्या वाजवू लागले, त्यांना वाटलं असंच असतं. मी पॅनल दुरुस्त करणाऱ्या मिहिरला फोन लावला.

"मॅडम, स्क्रीनला कोणी टच करतंय का?"

"कोणी नाही रे! मीसुद्धा लांब उभी आहे."

"काहीतरी टच होतंय, मॅडम. बघा ना नीट."

आम्ही सगळ्यांनी नीट बघितलं. मुलांचे हात बघितले, पंख्याचा वारा बघितला, भिंतीवर पाल बघितली. हाराकडे कुणाचंही लक्ष गेलं नाही. पूजेचा हार म्हणजे 'काहीतरी' नव्हेच ना! झेंडूचं एकेक फूल पडद्यावर बोटासारखं टेकलं होतं आणि वाऱ्याने हलत भूगोल शिकवत होतं. शेवटी मिहिर स्वतः आला, त्याने दारातूनच हार बघितला आणि कपाळाला हात लावला. "काढा तो." जयंतीबाई म्हणाल्या, "उद्या दसरा आहे, आज हार उतरवायचा नाही, अपशकुन होतो." तेव्हा पॅनल बंद करून पाहुण्यांना पेढे दिले.

दसऱ्यानंतर शकुमावशींनी हार उतरवला आणि वाळलेलं कुंकू जाईना म्हणून बादलीभर पाण्याने भविष्य धुऊन काढलं. त्यानंतर ते चालू झालं नाही. मिहिरने ते भिंतीवरून उतरवलं.

बाई, आता जरा बसून वाचा. पॅनल भिंतीपासून चार बोटं पुढे बसवलं होतं. त्याच्या मागे फळा जसाच्या तसा होता, आणि फळ्यावर तुमच्या शेवटच्या तासाचा कोकण किनारा. निळा समुद्र, सगळ्या खाड्या, आणि नेहमीसारखी मनोरी मुंबईपेक्षा मोठी. पॅनलच्या बोल्टाचं एक भोक रत्नागिरीत पडलंय, एक अरबी समुद्रात. खाली तुम्ही विजयदुर्गापर्यंत आला होतात आणि तेवढ्यात आम्ही तुम्हाला शाल-श्रीफळासाठी बोलावलं. पुढे नुसता काळा फळा.

 मग रश्मी म्हणाली, "बाई, हे कोणत्या ॲपमध्ये केलंय?"

"हाताने केलंय."

"म्हणजे बोटाने ड्रॅग करून?"

सर्वेश पुढे येऊन फळ्याच्या खालच्या अंगाला नाक लावून उभा राहिला. "बाई, आमचं मालवण कुठाय? इथे तर समुद्रच संपलाय." मग एकेक उठलं. कुणाचं देवगड, कुणाचं आचरं, कुणाचं वेंगुर्ला. माझ्या निम्म्या वर्गाचं गाव फळ्यावर यायचं राहून गेलंय, बाई. माझंसुद्धा.

मी खडू घेतला. म्हटलं, त्यात काय, एवढी वर्षं शेजारच्या वर्गातून तुम्हाला बघत आलेय. विजयदुर्गाखाली रेघ ओढली, ती इस्त्री केल्यासारखी सरळ उतरली. "बाई, खाड्या कुठे गेल्या?" मी खाड्या घातल्या, तर किनारा करवतीसारखा दिसायला लागला. मुलं हसली नाहीत. हसली असती तर बरं वाटलं असतं. ती माझ्या हाताकडे बघत होती, मान वाकडी करून, तो पुढे कुठे जातो ते बघत. आणि माझ्या हाताला ते ठाऊक नव्हतं. मी पुसून टाकलं. पुसताना तुमच्या विजयदुर्गाचा अर्धा किल्लाही गेला, तेवढं माफ करा.

दिवाळीच्या सुट्टीत गवंडी येणार आहे. संस्थेने मंजूर केलेलं नवं पॅनल अख्ख्या भिंतीएवढं येतंय, म्हणून तो सिमेंटचा फळा फोडून भिंत गुळगुळीत करायची आहे. शनिवार हा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. तुम्हाला कळवावंसं वाटलं, एवढंच. तुमच्याकडून काही मागायचं म्हणून लिहीत नाहीये.

क्लेमेंटभाऊंना नमस्कार, बेव्हर्लीला आशीर्वाद.

तुमची,
रुचिरा

ता. क. शाळेत रंगीत खडू मागितले तर कोठीतून विचारणा झाली, "कशाला? रांगोळी काढायचीय का?" मी स्टेशनजवळच्या दुकानातून आणलेत. निळे जास्त घेतलेत. तुम्ही निळा पाण्यात बुडवून वापरायचात, म्हणून वाटीही ठेवलीय. सहज सांगितलं.

ता. क. २. पॅनल बिघडलेलं नाही. दोन दिवस वाळवल्यावर ते झकास चालू झालं. ते आता शिक्षकखोलीत चादरीखाली आहे, आणि 'बाहेरून पार्ट मागवलाय' असं मी जयंतीबाईंना सांगितलंय, म्हणजे सुट्टी लागेपर्यंत तरी फळा उघडा राहील. मिहिर मला सामील आहे. तो देवगडचा. फळा बघून म्हणाला, "मॅडम, आमचं गाव आलं की सांगा, मग जोडतो."

ता. क. ३. निरोप समारंभात शाल खांद्यावर असताना तुम्ही म्हणालात, "मला परत बोलावू नका, मी येणार नाही." तेव्हापासून स्नेहसंमेलनाला नाही, शिक्षकदिनालाही नाही. तुम्ही शब्द बदलत नाही, हे मी वर्गात अभिमानाने सांगते. तरीही विचारते. नकाशा तुम्ही पूर्ण करू नका. शनिवारी माझ्यामागे उभ्या राहा, माझं मनगट धरा, आणि विजयदुर्गापासून खाली मालवणपर्यंत माझ्याकडून काढून घ्या. मला अजून बारा वर्षं शिकवायचंय, आणि पुढचा फळा कुठे मिळेल ते ठाऊक नाही. तुम्ही 'नाही' म्हणणार. पण ते पत्राने कळवू नका, बाई, येऊन सांगा.