शिशाचा निळा उजेड

४ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प : चिडायचं नाही.
शिसं ओळखायला मी लॅबमध्ये बनवलेला रेणू चमकला! पाण्यात शिसं टाकलं, यूव्ही दिव्याखाली धरलं, निळाशार. शिसं असेल तरच चमकतो. बॉस म्हणाले, पुन्हा करून दाखव. माझ्यावर जळतात.

९ जानेवारी
पुन्हा निळा. बाटल्या स्वतःच धुतो. लॅबचा साबण म्हणजे नुसता फेस, म्हणून घरून कपड्यांची पावडर नेतो. आपलं काम चोख. बायको कुरकुरली, पावडर संपते कशी. तिला विज्ञानाचं काय!

१२ जानेवारी
बायकोला बढती, पण दुसऱ्या शहरात. म्हटलं, जरा थांब, पेपर छापून आला की माझी नोकरी पक्की. ती थांबली. शेवटचं थांबतेय, असं म्हणाली. प्रेमच ते.

२ फेब्रुवारी
शिसं दिलेल्या पेशी चमकल्या. न दिलेल्याही. अर्थ उघड आहे : माझा रेणू फारच संवेदनशील, पेशींतलं कणभर शिसंही टिपतो. ज्युनिअर म्हणाली, सर, रेणू न घालता नुसतं पाणी बघू या का? कालची पोरगी. वेळ नाही म्हटलं.

१५ फेब्रुवारी
डिस्टिल्ड वॉटरही चमकलं! म्हणजे त्यातही शिसं. पाणी पुरवणाऱ्या कंपनीला खरमरीत मेल. चिडलो नाही, फक्त कॅपिटल अक्षरं वापरली.

११ मार्च
नोकरी पक्की करणाऱ्या कमिटीपुढे डेमो. हॉलमध्ये अंधार केला, यूव्ही दिवा लावला. बाटली चमकली. टाळ्यांची वाट पाहत उभा राहिलो. हशा पिकला.
माझा शर्ट चमकत होता. बाटलीपेक्षा जास्त. बॉसनी विचारलं, शर्टात शिसं कुठून आलं? ज्युनिअरने माझी धुतलेली रिकामी बाटली दिव्याखाली धरली. निळीशार.
कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत चमकणारं द्रव्य घालतात. मला माहीत आहे. एमएस्सीच्या वर्गाला मीच शिकवतो.

१४ मार्च
बाटल्या ॲसिडने धुतल्या. रेणू ढिम्म. थकला असेल.

२० मार्च
नोकरी या महिनाअखेरपर्यंतच. बायकोने ऑफिसात विचारलं, बढती अजून मिळेल का. जागा दुसऱ्याला गेली.
संध्याकाळी तिने तोच शर्ट धुऊन वाळत घातला. मग विचारलं, बाटली एकदा साध्या पाण्याने धुऊन बघायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं, म्हटलं. बरं, म्हणाली आणि चिमटे लावत राहिली.
चिडायचं नाही, हा माझा संकल्प तिनेच पाळला. चिडली असती तर बरं झालं असतं.