मिशी आधी दिसली पाहिजे

३ मार्च, सोमवार
आज तिसरा दिवस. एकही ऑर्डर नाही!
खोट्या मिशा-दाढ्या करून माझ्या साइटवर विकते, गेली सहा वर्षं. नाटकवाले माझ्याकडूनच मागवतात. मागवायचे! दुपारी शेजारच्या बटणवालीच्या फोनवर माझी साइट उघडली. (तीही ऑनलाइनच विकते, जुनी बटणं.) फोटो वरून खाली रडतखडत उतरतो. आधी यांचं टक्कल. मग आणखी टक्कल. मग कपाळ. फुकटचा मॉडेल म्हणून नवऱ्याला बसवलं, ते असं अंगाशी आलं. मिशी यायच्या आत गिऱ्हाईक पसार. मोठ्या दुकानाची साइट मात्र बोट लावताच हजर.

४ मार्च
इंटरनेट कंपनीला फोन केला. या महिन्यापासून म्हणे जी दुकानं कंपनीला वेगाचे वेगळे पैसे देतील, त्यांची पानं पुढे. बाकीची मागे. अहो, माझ्या नेटचे पैसे मी देते, गिऱ्हाईक त्याच्या नेटचे देतं, मग हे तिसरे कशाचे? तर तिकडचा माणूस गोड आवाजात म्हणतो, "ताई, तुमची साइट बंद कुठे केलीय? रांगेत आहे."
नणंदेला कुठून कळलं कोण जाणे. तिच्या ऑफिसात पाकिटं चिकटवायला जागा आहे, महिनाअखेरीस दुकान बंद कर आणि ये, म्हणाली. नणंदेच्या हाताखाली! त्यापेक्षा मिशी लावून परागंदा होईन.

६ मार्च
बटणवाली अर्ज घेऊन आली. सगळे छोटे दुकानदार मिळून सरकारकडे पाठवणार आहेत. तारेतून कुणाचं काय जातंय हे कंपनीनं बघू नये, सगळ्यांना सारखा वेग द्यावा, असं त्यात आहे. वाचता वाचता मला एकदम सुचलं — मिशी आधी दिसली म्हणजे झालं! यांना उलटं उभं करायचं! सही राहूनच गेली.

७ मार्च
हे भिंतीला टेकून डोक्यावर. सासूबाईंनी पाय धरले. सव्वीस मिशा, सव्वीस फोटो. एकोणिसावी झुपकेदार होती, ती सुटून यांच्या नाकात गेली. शिंक आली. हे, सासूबाई आणि स्टूल, सगळे एकावर एक. "लहानपणी सरळ उभा राहायला दीड वर्ष लावलं यानं," सासूबाई कंबर चोळत म्हणाल्या.

८ मार्च
भाची येऊन गेली. "मामी, फोटो फोनमध्येच उलटा करता येतो की!"
यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

१२ मार्च
चौदा ऑर्डरी!! आधी हनुवटी येते, मग मिशी, आणि हा माणूस असा का लटकलाय ते बघायला लोक थांबतात. हे मान वाकडी करूनच घरभर मिरवताहेत. (लचकलीय.)
बटणवाली परत आली होती. मी तोऱ्यात म्हटलं, मला नाही बाई तुमच्या अर्जाची गरज, जरा डोकं चालवावं लागतं. तिनं अर्जाची घडी घातली आणि गेली. तिच्याकडे आठवडाभर एक बटण विकलं गेलेलं नाही, हे मला माहीत होतं. तरी बोलले.

१५ मार्च, शनिवार
तीन दिवस पुन्हा सगळं थंड. संध्याकाळी सासूबाई मोठ्या दुकानाच्या साइटवर चपला बघत बसल्या होत्या. एकदम मला हाक मारली. बघते तर तिथे मिशा! सव्वीस प्रकार. आणि फोटोत उलटे हे! तेच टक्कल, हनुवटीवरचा तोच तीळ. न विचारता उचललेत मेल्यांनी!
सासूबाईंना मात्र कौतुक. "बघ गं, तिकडे कसा झटक्यात आला माझा लेक!"
माझ्या फोनवर माझी साइट उघडली. अजून हनुवटीच उतरत होती.

१६ मार्च
सकाळी आम्ही दोघं बटणवालीच्या दारात गेलो. मला फार लाज वाटत होती. तिनं अर्ज उघडून पेन पुढे केलं. मी सही केली. मग यांनी केली — दोन्ही पायांवर उभं राहून.