चाकावरची टोपी

उस्ताद, आज पेटी आवरताना तुमची टोपी हाती लागली. तेलाचा वास अजून गेला न्हाई. परतूरच्या कापसाच्या जिनिंगमधी तुमचा एकच कायदा होता. बायलर साफ करायला जो आत शिरंल त्यानं आपली टोपी वाफ सोडायच्या चाकावर टांगायची, अन् बाहेर आल्यावर त्यानंच काढायची. टोपी हाय तोवर चाकाला अन् टोपीला दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई, मालक असला तरी. एकदा मी घाईत टोपी न टांगताच आत शिरलो, तर तुम्ही पाय धरून बाहेर ओढलं अन् सगळ्यांदेखत कानफटात दिली. मंग निजामाची मोगलाई सोडून मी मुंबईच्या गोदीत जहाजांच्या इंजनांवर लागलो, तवा स्टेशनावर तुम्ही आपल्या डोक्यावरची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली.

गोदीत माझा जोडीदार कोकणातला. बोडकाच हिंडायचा. तुमचा कायदा मी त्याला अन् भट्टीवरच्या आगवाल्याला शिकवला; जोडीदारानं तर तो मनावरच घेतला. त्या दिवशी जहाजाचा एक बायलर चालू होता, दुसरा सफाईसाठी थंड केल्ता. मी जेवून येतो तर माझी टोपी खुंटीवर न्हाई, थंड बायलरच्या चाकावर लटकून राह्यलीय. वाटलं, कुणीतरी मस्करी केली. आपलीच टोपी, आपण काढली तर काय बिघडतं? घातली डोक्यावर अन् गेलो कामाला. थोड्या वेळानं आगवाल्यानं चाक मोकळं बघितलं अन् फिरवलं. चालू बायलरची वाफ आत घुसली. जोडीदार आत होता, उस्ताद. त्याला स्वतःची टोपी नव्हती, म्हणून त्यानं माझी टांगली होती.

महिन्याभरानं मी परतूरला आलो. जोडीदार कसा गेला ते तुम्ही ऐकून घेतलं अन् एवढंच विचारलं, "टोपी टांगली होती का त्यानं?"

"न्हाई."

"मंग त्याची गलती, बेटा. तुझी बिलकुल न्हाई."

मला बरं वाटलं, ह्याचीच लाज जाळते. मरेपर्यंत तुम्ही दर नव्या गड्याला त्या बेपर्वा कोकण्याची गोष्ट सांगितली. तुमच्या मयतीलाही लोक तीच सांगत होते, अन् मी मान हलवत होतो.

त्यानं टांगली होती, उस्ताद. आता हा कागद धाडायचा तरी कुठं? पेटीतच ठेवतो, टोपीखाली. तुम्ही विचारलं तवा ती माझ्याजवळच होती. तुमच्या दारात शिरताना मी ती डोक्यावरून काढली, अन् तुमच्यापुढं बसलो तो तिच्यावरच.