होडीत काढायचा नाही तो शब्द

बाबा, हा कागद आठ दिवस होडीच्या फळीखाली पडून आहे. आधी शाई सांडली, मग एक वल्हं मोडलं, मग जत्रेची गर्दी. खरं म्हणजे टाळत होतो. शाळा चौथीत सुटली म्हणून लिहायला जड जातं म्हणावं, तर रेडीला लोखंडाची माती भरत होतो तेव्हा अख्ख्या टोळीची पत्रं मीच लिहायचो. दोडामार्गला काजूच्या बागेत एका बाईने माझ्याकडून नवऱ्याला शिव्या लिहून घेतल्या होत्या, काय एकेक शिवी ती! पण ते राहू दे. आज माझ्या स्वतःच्या शिव्या आहेत, आणि त्या तुम्हाला आहेत.

तुम्ही तांडेल, होडीवर शेवटचा शब्द तुमचा. होडीत ‘बुडणे’ हा शब्द कोणी काढायचा नाही, हा तुमचा कायदा. तांब्या पाण्यात पडला तरी ‘गेला’ म्हणायचं. तुमच्या होडीतून सूर्यसुद्धा बुडत नसे, घरी जात असे. नारळ दिल्याशिवाय समुद्रात पाय न टाकणारे तुम्ही, मामाकडची माणसं आली म्हणून सगळ्यांना, मी आता लिहायला बसलोय त्या या तळ्यावर घेऊन आलात, तेव्हा पाण्याला साधं फूलही वाहिलं नाहीत. गोडं पाणी ते, त्याला काय भ्यायचं! काठाला मऊ वाळू, आईने फडक्यात बांधलेले घावणे. माझी धाकटी बहीण गुडघाभर पाण्यात उभी राहून ओंजळीने पाणी पिते आणि ओरडते, “बाबानू, ह्या समुद्रात मीठ घालूक इसारले!” तुम्ही हसता. तुम्ही असे हसलेले मला पुन्हा आठवत नाही.

तळ्याचा होडीवाला हात जोडून सांगत होता, “पाच माणसां, तांडेलानू. चार बोटां काठ वर रवाक होयो.” तुम्ही त्याच्या हातातलं वल्हंच घेतलंत. “माका शिकवतंस? मी विजयदुर्गापासून गलबतां हाकललेली आसत. तुझा ह्या तळा म्हणजे माझ्या बायलेचो न्हाणयेतलो हंडो!” आणि भरलीत नऊ माणसं. मध्यावर पोचतो तर होडीचा काठ पाण्याच्या दोन बोटंही वर नाही, आईच्या लुगड्याशी पाणी आत येतंय. मी म्हटलं, “बाबा, होडी बुडतली.” तुम्ही पाण्याकडे बघितलं नाहीत. माझ्याकडे बघितलंत, आणि हात उगारलात. त्यानंतर सगळे पाण्यात. आठ जण बाहेर आलो. धाकटी नाही आली.

काठावर ओल्या अंगाने तुम्ही लोकांना सांगितलंत, “ह्येणी तो शब्द काढलो म्हणान होडी गेली.” गेली म्हणालात. तेव्हासुद्धा! गावाने ते खरं मानलं. मला होडीवर कोणी घेईना, बाया मला बघून पोरं घरात ओढायच्या. महिन्याच्या आत मी निघालो. आई दारात उभी होती. तीन वर्षांनी तुम्ही तापाने गेलात, अंथरुणात, कोरड्या अंगाने. पाण्याने तुम्हाला घेतलं नाही, याचा राग मला अजून आहे. निरोप आला तेव्हा मी जेवत होतो. उठलो नाही. आमटी पुन्हा वाढून घेतली.

गोवा मोकळा झाल्यावर तिकडेही भटकलो, आणि शेवटी इथेच आलो. आता या तळ्यावरची होडी माझी आहे. बाहेरून पांढरा पट्टा मारलाय; तो पाण्याला टेकला की पुढचा माणूस काठावर. आणि चढण्याआधी प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचं, “जास्त माणसां घेतली तर होडी बुडता.” सहलीचे मास्तर म्हणतात, नवी जोडपी लाजत म्हणतात. तुमच्या जुन्या सोबत्यांकडून मी दोनदा म्हणवून घेतो. एक म्हातारा चिडला, “मेल्या, तुझ्या बापाशीन ऐकला तर?” म्हटलं, “त्यांका ऐकूक जावंदे म्हणानच. मोठ्यान म्हणा, काका.”

येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की तांडेलाने पोराच्या थोबाडीत मारली, म्हणून होडी कलंडली. तेवढं एक खोटं आहे, बाबा. तुमचा हात मला लागलाच नाही. मी चुकवला. धाकटी बसली होती त्या बाजूला झुकलो. नऊ माणसं तुम्हीच भरली होतीत, ते मी सोडणार नाही. पण झुकलो मी.

एवढं लिहिलं आणि वर बघितलं, तर काठावर आई उभी. इतक्या वर्षांत ती तळ्याच्या वाटेलासुद्धा फिरकली नव्हती. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. मला कसा आहेस विचारत नाही. पांढऱ्या पट्ट्याकडे बघत राहते, आणि मी काही म्हणायला सांगण्याआधीच तो शब्द स्वतः काढते, “किती माणसांनी बुडता रे ही?”

कागद परत फळीखाली ठेवतोय.