ऐन तूतच्या ढोलास, पंचाच्या बापाकडून

बैरूत, गुरुवार

आदरणीय अबू बदवी,

तुम्हांला, उम्म बदवीवहिनींना आणि घरातल्या लहानथोरांना इस्कंदरचा सलाम. गुडघा कसा आहे? साखर किती? डॉक्टरने बंद करायला सांगितलेली अरकाची बाटली अजून बंदच आहे ना (म्हणजे कपाटात)? ढोलाचं कातडं बदललंत असं ऐकलं. बकऱ्याचं घेतलंत हे फार चांगलं केलंत, प्लास्टिकच्या कातड्याला काही आवाज म्हणायचा का! आम्ही इथे मजेत आहोत. म्हणजे वीज नाही, पाणी एक दिवसाआड, जनरेटरवाला स्वतःला सुलतान समजतो आणि माझी पाठ कामातून गेली आहे. हे पत्र मी पालथा पडून, छातीखाली उशी घेऊन लिहितो आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. पाठीचं पुढे येईलच.

फोन का केला नाही म्हणाल. तुमच्या घरचा फोन आधी बदवी उचलतो, मग वहिनी घेतात, मग शेजारीण, आणि तो तुमच्या कानाला लागेपर्यंत बातमी बेकरीपर्यंत पोचलेली असते. ही बातमी बेकरीत जाऊन चालणार नाही. म्हणून पत्र. पाकीट नायला चिकटवून तुमच्या बसवाल्याच्या हातात देईल (ती माझ्यावर गेलेली नाही, दुसऱ्याचं पत्र वाचत नाही). तर बातमी अशी. येत्या रविवारी ऐन तूतला, तुमच्या हॉलमध्ये बास्केटबॉलच्या हंगामाचा पहिला सामना, तुम्ही आणि बंदरवाले, आणि त्यात मुख्य पंच आहे आमची नायला. तुमची सख्खी भाची. त्याच हॉलमध्ये, जिथे गेल्या हंगामात आमच्या अनीस पंचाचा डोळा गेला. पाणी प्या आणि बसून घ्या. मला बसताही येत नाही.

आता हे झालं कसं ते ऐका. गुडघ्यांनी माझी शिट्टी सोडवल्यापासून पंच मंडळाने मला मास्तर केलं आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. दर वर्षी हंगामाच्या तोंडावर नवे नियम येतात आणि मी ते देशभरातल्या पंचांना समजावून सांगतो. हे काम करणारा माणूस वेडा तरी असतो किंवा विधुर तरी. आमचे पंच म्हणजे काय मंडळी! अर्धे झोपायला येतात, अर्धे मनाईश खायला. नियम बदलला असं म्हटलं की पहिला प्रश्न, कोणासाठी बदलला? मी म्हणतो, अरे बाबांनो, सगळ्यांसाठी. यावर सगळे असे हसतात की मलाच मी मूर्ख वाटू लागतो. त्यातून या वेळी पडद्यावर दाखवायची चित्रं आणली होती, तर पहिलंच चित्र लागलं आणि जनरेटर बसला. अंधारात मी बॉल बाहेर गेल्यावर घड्याळ पुन्हा कुठून लावायचं ते समजावलं. वीज आली तेव्हा कळलं की समोरचे सगळे गॅलरीत सिगारेट ओढताहेत आणि मी खुर्च्यांना शिकवतो आहे.

मग आला तो पडायचा नियम. खेळाडूला कोणी धड हात लावलेला नसतो आणि तो गोळी लागल्यासारखा आडवा होतो, त्या ढोंगाला आता आधी ताकीद आणि पुन्हा केलं तर टेक्निकल फाउल. पण ढोंग ओळखायचं कसं? शब्दांनी सांगून कोणाच्या डोक्यात शिरेना. म्हणून मी (तुमची वदाद असती तर तिने मला कॉलर धरून खाली बसवलं असतं) म्हटलं, थांबा, करूनच दाखवतो. त्रिपोलीच्या एका धिप्पाड पंचाला नुसता समोर उभा केला, त्याला म्हटलं हात मागे बांध, आणि ‘आई गं!’ ओरडत मागे झोकून दिलं. ओरडणं ढोंगाचं होतं. पण पाठ टेकली आणि कंबरेत असं काही कटकन वाजलं की दुसरं ‘आई गं’ माझ्या परवानगीशिवाय बाहेर पडलं. टाळ्या! अहो, सगळा हॉल टाळ्या वाजवतो आहे. मी म्हणतो, मला खरंच लागलंय, तर मागून कोणीतरी म्हणतो, मास्तर, दुसऱ्यांदा करताय, आता टेक्निकल. मग त्यांच्यात वादच जुंपला, खरं की खोटं. मतं घेतली. बहुमताने मी ढोंगी ठरलो. एकट्या नायलाने खाली वाकून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, बाबा, हलू नका. तिची नजर चांगली आहे, अबू बदवी. बाप आहे म्हणून म्हणत नाही.

हलता येत नव्हतंच. उरलेले नियम मी जमिनीवरून, छताकडे बघत शिकवले. लोक म्हणतात, इतकं लक्ष माझ्याकडे कधी कोणी दिलं नव्हतं. आणि तेवढ्यात अनीसने प्रश्न विचारला. अनीस आता शिट्टी वाजवत नाही, पण सभेला येतो, दाराजवळच्या खुर्चीत बसतो, काळा चष्मा लावून. अगदी शांतपणे म्हणाला, मास्तर, खेळाडू खोटा पडला तर ताकीद, हे समजलं. पंच खरा पडला तर काय? मी छताकडे बघत होतो, तेव्हा त्याचं तोंड मला दिसलं नाही, आणि बरंच झालं. पुस्तकात त्याचं उत्तर नाही. पुस्तकात बॉल किती फुगवायचा तेही आहे, पण सामना संपल्यावर पंचाने दारापर्यंत कसं जायचं ते नाही. मी म्हटलं, पुढचा नियम. माझी मलाच लाज वाटली.

पुढचा नियम नात्यांचा निघाला. कोणत्याही क्लबात पंचाचा कोणी नातेवाईक असेल तर पंचाने आधीच सांगायचं आणि त्या क्लबाच्या सामन्याला उभं राहायचं नाही. मंडळाचे अध्यक्ष उस्ताद शफीक यांनी तो मोठ्या थाटात वाचून दाखवला आणि पस्तावले. एक उठला, माझा साडू बंदरवाल्यांचा खजिनदार आहे. दुसरा उठला, माझी आत्या ज्या घरात दिली त्या घराचाच क्लब आहे. तिसऱ्याच्या मुलीचा साखरपुडा एका कोचच्या पुतण्याशी झालेला, चौथ्याचा मोडलेला (हे नातं धरायचं का, यावर वेगळी चर्चा झाली). थोड्याच वेळात सभेत एकही पंच शिल्लक राहिला नाही. मग नायला उठली. स्पष्ट आवाजात म्हणाली, उस्ताद, ऐन तूतच्या क्लबात माझे मामा आहेत. शफीक घामाघूम झाले होते. म्हणाले, पोरी, तुझं आडनाव काय? सब्बाग. ऐन तूतमध्ये कोणी सब्बाग आहे? नाही. मग बस खाली! आईकडून मोजायला लागलो तर या देशात सामना दोन संघांत होणारच नाही, एकाच घरात होईल. नातं म्हणजे बापाचं आडनाव, लिहून घ्या.

मी बोलायला हवं होतं आणि मी बोललोही असतो. मी जमिनीवरून हात वर केला. जितका जातो तितका वर केला. पण सगळ्यांना वाटलं, मास्तरांना उठायचंय. त्या त्रिपोलीच्या राक्षसाने मला काखेत हात घालून जो उचलला, तो मी किंचाळत खुर्चीत पोचेपर्यंत ठराव मंजूर झाला होता.

आणि मग नावं खोडण्याचा कार्यक्रम. तुम्हांला तर तो तोंडपाठ आहे. दोन्ही क्लबांची माणसं येतात आणि नको त्या पंचाची नावं खोडतात. तुमच्या माणसाने खोडायला सुरुवात केली, हा त्यांच्या पंथाचा, तो त्यांच्या खोऱ्यातला. बंदरवाल्यांनी उरलेले खोडले. कोणी कसा शिट्टी वाजवतो, हे कोणी विचारलं नाही, कधी विचारतात? सब्बाग म्हणजे रंगारी, आणि रंगारी प्रत्येक पंथात असतात, प्रत्येक खोऱ्यात असतात. दोघांनाही काही पकडता येईना. बंदरवाल्यांच्या माणसाने तर समाधानाने मान डोलावली, ही कोणाचीच दिसत नाही, चालेल. ऐन तूतच्या ढोलाच्या सख्ख्या बहिणीची मुलगी! तिच्या नाकाकडे एकदा नीट बघितलं असतं तरी कळलं असतं, ते नाक तुमच्या घराण्याचं आहे.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, तुला ताप येऊ दे. म्हणाली, येत नाही. म्हटलं, माझ्या पाठीचं कारण सांग. म्हणाली, ते तर बहुमताने खोटं ठरलंय. मग मी ओरडलो. म्हटलं, तुझ्या आईला जाऊन अजून वर्ष झालं नाही, मला आता तुझा डोळा हातात घेऊन दवाखान्यात धावायचं नाहीये. ती शिट्टीची दोरी धुवत होती, धुतच राहिली. म्हणाली, बाबा, मी आजारी पडले तर ते दुसऱ्या कोणाला पाठवतील, आणि तो कोणाचा तरी असेलच की. मी जाऊन पालथा झोपलो.

तर एवढंच कळवायचं होतं. मागायचं काही नाही, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. फक्त रविवारी तिला ओळख दाखवू नका, ‘मामाची लाडकी’ म्हणून हाका मारू नका, वहिनींना डबा पाठवू देऊ नका. तब्येतीला जपा. अरकाचं कपाट वहिनींच्या ताब्यात द्या.

तुमचा मेहुणा,
इस्कंदर सब्बाग

ता. क. तुतीच्या रसाच्या रिकाम्या बरण्या बसवाल्याबरोबर परत करतो आहे. भरून आल्या तर नाही म्हणणार नाही.

आणखी ता. क. मागायचं काही नाही असं वर लिहिलं ते खोटं आहे. अनीसच्या डोळ्यात बसलेला तो बॅटरीचा सेल तुम्ही फेकला नाहीत, हे मला माहीत आहे. तुम्ही ढोल वाजवत होतात. पण मी त्या दिवशी स्कोअरच्या टेबलापाशी बसलो होतो, अबू बदवी. तो गुडघ्यांवर बसला, बोटांतून रक्त येत होतं, आणि तुमचा ढोल थांबला नाही. मला तुमचा राग आला होता, अजून येतो, वदाद होती म्हणून गिळला. आता ती नाही. तुमच्या हॉलमध्ये पंचाच्या आईवर जी ओळ म्हणतात, ती तुमच्या ठोक्यावर सुरू होते. रविवारी पंचाची आई तुमची बहीण आहे. ती गेली तेव्हा भर लग्नसराईत चाळीस दिवस तुम्ही ढोलाला हात लावला नाहीत, लोकांची बोलणी खाल्लीत, हे मी विसरलेलो नाही. मला शिव्या द्या, बापावर काय हवं ते म्हणा, मी तुम्हांला चार ओळी रचून पाठवतो. पण तो ठोका देऊ नका. आणि पोरगी हॉलबाहेर पडेपर्यंत तिच्याकडे तेवढं बघा. हात जोडतो. (पालथं पडून हात जोडता येत नाहीत, पण समजून घ्या.)

मामा, हे मी, नायला. मी दुसऱ्यांची पत्रं वाचते, बाबांना ते माहीत नाही. बाबांचं ऐकू नका. ढोल थांबला की सगळा हॉल आधी तुमच्याकडे बघेल, मग माझ्याकडे, आणि पुढचं सगळं मातीत जाईल. नेहमीसारखा वाजवा. मी तुम्हांला ओळखणार नाही. तुमच्यातल्या कोणी मैदानात पाऊल टाकलं तर टेक्निकल देईन, मग ते पाऊल मामाचं का असेना. एकच काम करा. तुमच्या शेजारची एक खुर्ची मोकळी ठेवा. मी अनीसकाकांना सामना बघायला बोलावलंय. आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, कॉफी कोण देणार? मी तुमचं नाव सांगितलं. बिनसाखरेची. ढोल त्यांच्या उजव्या हाताला येईल असं बसवा, डाव्या बाजूचं त्यांना दिसत नाही. ते तुमच्या शेजारी बसलेले असताना पंचाच्या आईवर जी ओळ तुमच्या तोंडून निघेल, ती मला चालेल.