‘मागचा जिना’ माझ्यावरच आहे

३ ऑगस्ट, सोमवार. दुपार.
कामावर, टाइल्सच्या दुकानात, रेडिओवर गाणं लागलं. ‘द वेट टॉवेल्स’चं नवीन. ‘मागचा जिना’. सॉसेज रोल तोंडाशी नेला होता, तिथेच थांबला.

मागच्या जिन्यावर पाऊस होता
तू म्हणालास, आलोच
मी अजून धरून उभी आहे
तू म्हणालास, आलोच

टॅम्सिनचा आवाज. म्हणजे ज्या बँडमध्ये मी फेब्रुवारीपर्यंत कीबोर्ड वाजवत होतो, त्याच बँडची टॅम्सिन. बँड मी सोडला. त्यांनी काढल्याचा मेसेज आला हे खरं, पण मनातून मी त्याच्या आधीच सोडला होता.

गाणं माझ्यावर आहे. डाउटच नाही. ‘आलोच’ हा माझा शब्द. पूर्ण वोलाँगाँगमध्ये माझ्याइतका तो कोणी वापरत नसेल. आणि ‘अजून धरून उभी आहे’. काय धरून? आशा. दुसरं काय धरणार?

म्हणजे सहा महिने ती बिचारी वाट बघतेय. आमच्यात तसं काही नव्हतं. पण काही नसणं हेच खूप काही होतं.

३ ऑगस्ट, रात्री.
ठरलं. डिसेंबरमध्ये टॉवेल्सचा मोठा दौरा आहे, पार ब्रिस्बेनपर्यंत. त्याच्या आत मी बँडमध्ये परत. ती बोलवायला लाजतेय, म्हणून गाणं केलं. आता पाऊल मलाच उचलायला हवं.

४ ऑगस्ट, मंगळवार.
गाण्यांचे अर्थ लिहायची एक साइट आहे. तिथे ‘मागचा जिना’च्या खाली कोणीच काही लिहिलं नव्हतं. मी लिहिलं. भरपूर. जिना म्हणजे आयुष्य. मागचा म्हणजे भूतकाळ. पाऊस म्हणजे अश्रू. ‘तू’ म्हणजे एक तरुण, सेन्सिटिव्ह कीबोर्ड वाजवणारा. नाव दिलं नाही. मोठेपणा असावा.

लिहीत असताना आई खालून ओरडत होती, पाऊस येतोय, कपडे काढ. आलोच म्हटलं. कपडे भिजले. आता धुसफुस चालू आहे. लेखकाच्या घरात वातावरण कसं नसावं याचा नमुना.

५ ऑगस्ट, बुधवार.
पहिली कॉमेंट. ‘जिना म्हणजे जिना.’ लिहिणाऱ्याचं नाव ‘पोर्ट केम्ब्लाचा बोका’.
दुसरी. ‘याच्या हातातून कोणीतरी कीबोर्ड काढून घ्या. दोन्ही प्रकारचा.’
अशी माणसं असतात. अडाणी. मी शांतपणे उत्तर दिलं. मग जरा कमी शांतपणे दिलं. मग बोक्याला त्याची लायकी दाखवली. साइटने मला दोन दिवस बंद केलं. बोका चालूच.

८ ऑगस्ट, शनिवार.
बेकरीपाशी गोरान भेटला. आमचा ड्रमर. म्हणजे त्यांचा. पिकअपमध्ये बसून खिम्याचा पॅटिस खात होता, शेजारी त्याचा कुत्रा. खिडकी खाली केली, पण एवढीच, चार बोटं.

मी विचारलं, टॅम्सिन कशी आहे. म्हणाला, दोन हातांची आहे, देवाची कृपा. मी म्हटलं, गाणं ऐकलं, मनाला लागलं. म्हणाला, लागायलाच हवं राजा, लागावं म्हणूनच केलंय. बघा. कबूलच केलं त्याने.

मग विचारतो, दुसरं कडवं ऐकलंस का. ऐकलंय की.

दोन ठिकाणी मोडलं, दोन्हीकडे तूच
प्लास्टरवर सगळ्यांच्या सह्या, तुझीच नाही
जे जे धरशील ते निसटो तुझ्या हातून
तू म्हणालास, आलोच

मी त्याला समजावलं की मोडलं ते हृदय, आणि प्लास्टर म्हणजे काळ. जखमा भरणारा. गोरानने उरलेला पॅटिस कुत्र्याला दिला. मग म्हणाला, मनगट रे, मनगट, मी स्वतः नेली तिला हॉस्पिटलमध्ये. मी विचारलं, आणि ती ‘निसटो’वाली ओळ? तो म्हणाला, तो शाप आहे. मी म्हटलं, इतका राग परक्या माणसावर येत नाही. त्याने खिडकी वर केली.

ड्रमरला रूपक कळत नाही. त्यांचा दोष नाही, आवाजात बसून बसून होतं तसं.

८ ऑगस्ट, रात्री.
फेब्रुवारीतल्या त्या रात्रीचा विषय निघालाच आहे तर एकदा क्लिअर करतो.

हॉटेलचा वरचा हॉल. शो संपला, सामान उतरवायचं होतं. बेसचा स्पीकर फ्रिजएवढा, तो मागच्या जिन्याने न्यायचा. वरून मी, खालून टॅम्सिन. पाऊस. अर्ध्या जिन्यात मला दिसलं की बारपाशी रेडिओवाला एकटाच उभा आहे. बँडच्या भविष्यासाठी कोणीतरी त्याच्याशी बोलणं गरजेचं होतं. मी आलोच म्हटलं आणि गेलो. बोलणं लांबलं, कारण तो माझ्याबद्दल फार प्रश्न विचारत होता. विचारत नव्हता, पण ऐकत होता.

ती घसरली. मनगट मोडलं. वाईट झालं, मी नाही म्हणत नाही. इस्टरचा त्यांचा दौरा गेला. पण तिने स्पीकर खाली ठेवायचा ना. गोरान म्हणतो, जिन्यावर तसा ठेवता येत नाही, सुटला की माणसावरच येतो. मी कधी ठेवून बघितलेला नाही, त्यामुळे मत देत नाही.

आणि या सगळ्याचा गाण्याशी काय संबंध?

१२ ऑगस्ट, बुधवार.
रेडिओवर श्रोत्यांचे फोन घेतात, तिथे लावला. ऑन एअर सांगितलं की ‘मागचा जिना’ माझ्यावर आहे आणि ते प्रेमगीत आहे. निवेदिका म्हणाली, थांब, म्हणजे आलोच म्हणून पळालेला तो तूच? मी अभिमानाने हो म्हटलं, फक्त ‘पळालेला’ दुरुस्त केलं. ती इतकी हसली की पुढचं गाणं तिला वेळेवर लावता आलं नाही. प्रेमगीत ऐकून लोक हसतात. काय काळ आलाय.

१४ ऑगस्ट, शुक्रवार.
फेमस झालोय. दुकानात टाइल्स घ्यायला येणारी माणसं मला बघून ‘आलोच’ म्हणतात. मालक सिल्वानोने आज मला खोकं उचलायला बोलावलं, आणि मी तोंड उघडायच्या आत सगळं गोडाऊन एका सुरात आलोच ओरडलं. सिल्वानो म्हणाला, हसू नका रे, त्याच्यावर गाणं आहे, आपल्यावर कोणी शिंकलंही नाही. एकटा सिल्वानो समजूतदार.
खोकं दुसऱ्याने उचललं.

१६ ऑगस्ट, रविवार.
बातमी. ३० तारखेला, रविवारी दुपारी, टॉवेल्स बोलिंग क्लबमध्ये वाजवणार.

प्लॅन असा. ‘मागचा जिना’ सुरू होईल. पहिल्या कडव्यानंतर तिचा आवाज भरून येईल. तेवढ्यात मागून मी, काळ्या शर्टात, कीबोर्ड घेऊन. स्टेजवर चढायचं, काही बोलायचं नाही, थेट सूर द्यायचा. पब्लिक वेडं होईल. गोरान तोंडावर पडेल.

रोज दोन तास प्रॅक्टिस. उद्यापासून.

२३ ऑगस्ट, रविवार.
प्रॅक्टिस अजून सुरू नाही. कीबोर्डचा अडॅप्टर सापडत नाही आणि बोक्याला उत्तरं देण्यात वेळ जातो. त्याने आता लिहिलंय, ‘मी स्वतः त्या जिन्याखाली होतो, स्पीकरची दुसरी बाजू मी पकडली, नाहीतर पोरगी मेली असती.’ शोधून काढलं, तो त्या हॉटेलात ग्लास धुतो. म्हणजे संगीताशी संबंध शून्य.

आईला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, ब्रोडी, त्या मुलीचा हात मोडला तेव्हा तू तिला भेटायला गेला होतास का? मी म्हटलं, जाणार होतो. ती म्हणाली, मग आता तरी नको जाऊस. स्वतःच्या आईचा हा सपोर्ट.

२७ ऑगस्ट, गुरुवार.
टॅम्सिनला मेसेज केला. ‘गाण्याचा अर्थ समजला. मी रागावलेलो नाही. तुला माफ केलं.’ तिने वाचला. उत्तर नाही.
शब्द फुटत नसतील.

३० ऑगस्ट, रविवार. सकाळ.
काळा शर्ट जरा घट्ट होतो. पोट आत ओढलं की बरा. अडॅप्टर सापडला, दुसऱ्याच कशाचा तरी आहे. असो. आईची गाडी घेतली, कीबोर्ड मागच्या सीटवर, त्याला सीटबेल्ट. आज सगळा गुंता सुटतो.

३० ऑगस्ट. संध्याकाळ.
लिहायचं नव्हतं. लिहितो.

क्लब फुल. बाहेर हिरवळीवर पांढऱ्या कपड्यातले म्हातारे बोलिंगचे गोळे घरंगळवत होते, आत पोरं चिप्स सांडत होती. मी दाराशी, कीबोर्ड काखेत. एक गाणं झालं. दोन झाली. माझी काख गेली, दुसऱ्या काखेत घेतला. सगळी गाणी झाली. ‘मागचा जिना’ नाही.

पब्लिक आलोच, आलोच ओरडायला लागलं. टॅम्सिन माइकवर म्हणाली, ते आम्ही आता वाजवत नाही. आणि थँक यू म्हणून उतरली.

मी स्टेजच्या बाजूला गेलो. ती वायर गुंडाळत होती. मनगटावर पांढरी खूण आहे, ती मी आज पहिल्यांदा पाहिली. विचारलं, का नाही वाजवलं? वाटलं होतं रडेल, नाहीतर कानाखाली देईल. दोन्हीची तयारी होती. तिने वायरकडे बघतच सांगितलं की ते गाणं म्हणायला राग लागतो, आणि आता तो येत नाही. दोन-तीनदा म्हणून बघितलं, तर जिन्याची माहिती दिल्यासारखं वाटायला लागलं. म्हणून काढून टाकलं.

मी म्हटलं, पण ते माझ्यावर होतं ना?
ती म्हणाली, होतं की. अख्खं तुझ्यावरच होतं.
म्हणजे माझा अर्थ बरोबर होता. बोका, गोरान, सगळे चूक. मी जिंकलो होतो. मग ती म्हणाली, जरा बाजूला हो ना, वायरवर उभा आहेस.

मग तो फ्रिजएवढा स्पीकर निघाला. एका बाजूला टॅम्सिन, दुसऱ्या बाजूला त्यांची नवीन कीबोर्डवाली, काडीसारखी मुलगी. मी कीबोर्ड खाली ठेवून हात पुढे केले. खरंच केले. गोरान दार धरून उभा होता, त्याने पाहिलं. काही बोलला नाही. एक टोमणा मारायला काय जात होतं. त्या दोघी मला वळसा घालून एका दमात बाहेर गेल्या. धर असं मला कोणी म्हटलं नाही.

१ सप्टेंबर, मंगळवार.
साइटवर गेलो. बोक्याने नवीन काही लिहिलेलं नाही. मी डिवचलं. तरी नाही.

५ सप्टेंबर, शनिवार.
टॉवेल्सचं नवीन गाणं आलं. तीनदा ऐकलं. गोरानच्या कुत्र्यावर आहे.
आधी वाटलं, कुत्रा म्हणजे रूपक. तसा लेखही सुरू केला, अर्धा झाला होता. मग दुसरं कडवं नीट ऐकलं. हाक मारली की येतो, अशी ओळ आहे.
लेख खोडला. मी नाही तो.